मुळासकट

पुणे,
१२ एप्रिल १९५९

दादांस, धाकट्या मालोजीचा पुण्याहून नमस्कार.

खुशाली मागाहून लिहितो. आधी एक काम सांगतो, ते पत्र वाचून होताच करा. मी दिलेल्या बियांपासून तुम्ही बांधावर जो परदेशी ताग उभा केला आहे, तो सगळा काढून टाका. विळ्याने कापू नका, मुळासकट उपटा. खळ्यात वाळवून जाळा. राख ओढ्यात सोडायची नाही, खड्डा खणून पुरायची. वहिनी मदतीला आली तर तिला हात घरी धुवायला सांगा, ओढ्यावर नको. आमचे साहेब म्हणतात, त्या झाडावर एक कीड पडते आणि ती पुढे भातावर जाते. कारण एवढंच.

तुमचं कार्ड पोचलं. पाचही जणांना जामीन झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. "रायबाला डोलीतून म्हाडला नेला तवा तो जित्ता होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला, त्याला आम्ही काय करनार" असं तुम्ही लिहिलं आहे. माथ्यावरच्या वाडीतल्या रायबाबद्दल असलं काही कार्डावर लिहू नका. कार्ड पोस्टातले मास्तर वाचतात, पोलादपूरच्या थांब्यावरचा हमाल वाचतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो. यापुढे पाकीट वापरा.

फौजदारानं मला विचारलं होतं. मी सांगितलं, होळीच्या दिवशी सकाळपासून मी काळकाईच्या देवळात होतो. पालखीला देवीच्या मुखवट्यांची रूपं लागत होती, मी महिपत गुरवाच्या हाताखाली समया पुसत होतो. ओढ्यावर कोण होतं, कुणी कुणाला मारलं, मला काही ठाऊक नाही. गुरवानंही मान डोलावली. तेव्हा माझ्याकडून तुम्हाला धोका नाही.

तुमचा दुसरा प्रश्न पेंढ्यांचा. होळीचं झाड ओढायला दोर द्यायचा मान आपल्या घराचा. यंदा साधा ताग अवकाळी पावसात झोपला म्हणून तुम्ही हा परदेशी ताग देवाच्या डोहावरच्या खडकाशी कुजत घातलात, आणि त्या दिवशीच्या गडबडीत पेंढ्या जागेवरून गेल्या त्या गेल्याच. "रायबानंच काढून फेकल्या, मासे मारून भागलं नाय त्याचं" असं तुम्ही म्हणता. तसं असेल. मी शहरात राहणारा माणूस, मला काय कळतं.

जेवणखाण ठीक. वहिनीला नमस्कार. झाडं उपटलीत की दोन ओळी टाका.

आज्ञेतला,
मालोजी


पुणे,
२१ जून १९५९

दादा,

दोन महिन्यांनी तुमचं पत्र आलं आणि त्यात चारच ओळी. "तुझी कीडबीड मला सांगू नको. दोराला वाख बरा निघतो. अर्धा बांध उपटला, अर्धा ठेवलाय. पुढल्या शिमग्याला दोर त्याचाच." मोठ्या भावानं धाकट्याचं ऐकायचं नसतं, असा आपल्या घरचा कायदाच आहे. आबा असेच होते. त्यांना साप चावला तेव्हाही ते म्हणाले होते, नाही चावला.

ऐका. ते झाड ताग नाही.

तुम्हाला माझं काम कधी कळलं नाही. "मालू पुन्यात पाला चिकटवतो" असं तुम्ही गावात सांगता आणि लोक हसतात. हसू देत. पाला चिकटवतो हे खरंच आहे. झाडाची डहाळी फुलाशेंगांसकट टिपकागदात दाबायची, सुकली की जाड कागदावर दोऱ्यानं शिवायची. असा एक कागद म्हणजे एक शीट. खालच्या कोपऱ्यात लेबल लावायचं. झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, लोक त्याचा काय उपयोग करतात, आणि सगळ्यांत शेवटी संकलक, म्हणजे ज्यानं ते झाड गोळा केलं तो. ती शेवटची ओळ नेहमी साहेबांची. दरीत मी उतरतो, जळवा मला लागतात, सही त्यांची. अकरा वर्षांत हजारो शीटं माझ्या हाताखालून गेली आणि एक सोडलं तर कशावरही मी नाही.

तीन वर्षांपूर्वी परदेशातून अदलाबदलीची शीटं आली. त्यांत एक दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलातलं झुडूप होतं. फुलं जांभळट, शेंगा चपट्या आणि लवदार. शीटच्या कोपऱ्यात कागदाची पुडी होती आणि पुडीत शेंगा. मी त्यांतल्या आठ बिया काढून घेतल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. तुम्हाला दिल्या तेव्हा मी काय सांगितलं, आठवतं? "हा तागाचा भाऊबंद हाय, शेंगेच्या कुळातला. जमिनीला खत होईल." तुम्ही भाऊबंद एवढंच ऐकलंत. भाऊबंद म्हणजे आपल्यासारखाच असणार, असं आपल्याला वाटतं.

दोन पावसाळ्यांत आठाची साठ झाली. त्या दसऱ्याला मी आपल्या बांधावरून तीन डहाळ्या कापल्या आणि नमुना केला. या देशात ते झाड आधी कुणी टिपलेलं नव्हतं, निदान आमच्या रजिस्टरात नव्हतं. साहेबांनी शीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तुझं." संकलक म्हणून माझं नाव पडलं. त्या दिवशी मी मंडईतून पेढे आणले आणि खोलीत बसून एकट्यानं खाल्ले.

आता दुसरी गोष्ट. मी देवळात नव्हतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी ओढ्यावर होतो, गर्दीच्या मागे. पुढे तुम्ही होतात, म्हणून तुम्हाला रायबाचं तोंड दिसलं. मला माणसांच्या पाठी दिसत होत्या. बायकांनी डोहाच्या वाळूवर देवीचे मेलेले मासे ओळीनं मांडले होते आणि एकेकाला कुंकू लावत होत्या. लहान पोराएवढे मासे. ज्यांना आपण जन्मभर घरच्या भाताचे घास घातले, आबांच्या दहाव्याला पहिला घास ज्यांनी उचलला, ते पोट वर करून पडलेले. मलाही रडू आलं होतं. हे खोटं नाही.

तुमच्या शेजारी उभ्या पांडूनं रायबाची घोंगडी झटकली आणि तिच्यातून गेळफळं गळली. गेळफळाच्या भुकटीनं मासे गुंगतात हे आपल्याकडे पोरासोरांनाही कळतं. रायबा म्हणाला, "म्हशीच्या जखमंत किडं पडलंत, त्याच्यासाठी हायत. काळकाईची आन." तुम्ही म्हणालात, "तिचंच नाव घेतोस? तिची लेकरं मारलीस तू." आणि कुदळीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर घातलात. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो बसला. मग पाठी पुढे सरकल्या आणि मला काही दिसेना, नुसतं ऐकू यायला लागलं. पहिल्यांदा तो ओरडत होता. मग नुसते दांडे ऐकू येत होते, आणि पलीकडच्या काठावर त्याची म्हैस.

आज इतकंच. उरलेला बांध उपटा, दादा. मी पाया पडतो.

मालोजी


पुणे,
१४ सप्टेंबर १९५९

दादा,

महाडच्या कोर्टात तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. वहिनीनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हरकत नाही. मी आलो होतो तो तुमच्याशी भांडायला नाही, साक्षीला बोलावलं म्हणून आलो होतो. पुन्हा तेच सांगितलं. देवळात होतो, समया पुसत होतो. तुमचा वकील खूश झाला. बाहेर चहाच्या दुकानात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, असे साक्षीदार असले तर अलिबागच्या सेशन कोर्टातही काळजी नाही.

मेजावर मुद्देमाल मांडला होता. तीन दांडे, एक दगड, घोंगडी आणि दोर. माघात तुम्ही पाचसहा झाडं शेताच्या खड्ड्यात भिजवून जो दोर वळून पाहिलात, तोच. त्या खड्ड्यातले बेडूक मेले म्हणून तुम्ही मला हसत सांगितलं होतं. साधा ताग पिवळसर असतो, हा वाख राखाडी आणि ठिसूळ. लांबूनही मला ओळखू आला. मधे जिथं तो तुटला होता तिथं गाठ होती आणि गाठीत रक्त वाळून काळं झालेलं. कारकुनानं तो उचलून दाखवला तेव्हा मी खाली पाहत होतो.

रायबाची जनी दाराशी बसली होती. तिला विचारलं, नवऱ्याचं कुणाशी वैर होतं का. ती तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उन्हाळ्यात म्हशी खाली पान्यावर आनायचो, तेवढंच. कोंडाजी नाय म्हनायचा. माझा मानूस म्हनायचा, पानी काय त्याच्या बापाचं हाय? बोलन्याची रीत हाय ती, त्याला काय जीव घेत्यात?"

बाहेर आल्यावर रायबाचा भाऊ सखा मला चवदार तळ्याच्या रस्त्याला भेटला. मला वाटलं, आता कोयता काढतो. त्यानं काढला नाही. म्हणाला, "मालूदादा, तुमी आमच्या माथ्यावर कागदात झाडं धरायला यायचा. रायबानं तुमाला एकेक नाव सांगितलं. तुमी तिथं होता. मी नाय इचारत, काय बगितलं. निस्तं सांगा, मासे त्यानं मारलं का?" मी म्हटलं, मी देवळात होतो. तो पुढे बोलला. तुमच्या लोकांनी श्रावणात त्यांच्या गोठ्यात शिरून दोन गाभण म्हशींच्या मागच्या शिरा तोडल्या. त्या उठू शकल्या नाहीत, चिखलात बसल्या बसल्या आठ दिवस हंबरत मेल्या. माथ्यावरच्या वाडीला खालची वाट बंद आहे, दळण बंद आहे. आणि भात कापून झालं की गाव वर चढणार आहे, वाडी पेटवायला. देव कोपलाय, तो वाडी उठल्याशिवाय शांत होणार नाही, असा कौल लागला म्हणे.

दादा, म्हशींच्या शिरा तोडायला तुम्ही होतात का? नसाल. जनावराला तुम्ही कधी चाबूक लावला नाहीत. पण कौल लावताना पाटावर तुम्ही बसला होतात असं सखा म्हणाला.

सहा घरं आहेत वर. आठ नाही नि दहा नाही, सहा. रायबाची म्हातारी आई आहे, तिला दिसत नाही. गाव चढलं तर ती पळणारही नाही, कुठं पळायचं ते तिला कळणार नाही. मला काहीतरी करायला हवं. मी नोकरी, अब्रू, तुमचा मान, सगळं तोलून पाहतो आणि दर वेळी पारडं हातातून निसटतं. थोडे दिवस द्या.

मालोजी


पुणे,
८ ऑक्टोबर १९५९

दादा,

हे पत्र रजिस्टरानं पाठवतो आहे. दार लावून वाचा.

आधी माझं शीट. लेबल इंग्रजीत आहे, मराठीत असं होईल.

नमुना क्र. ११२. शेंगवर्गी झुडूप, मूळ दक्षिण अमेरिका. ठिकाण: आंबेशेत, पेटा पोलादपूर, जिल्हा कुलाबा, भातशेताचा बांध, लागवडीतून. तारीख: ४ ऑक्टोबर १९५७. स्थानिक नाव: परदेशी ताग. उपयोग: हिरवळीचं खत. संकलक: मा. है. उतेकर.

आता गयानाहून आलेल्या त्या मूळ शीटावर उपयोगाच्या जागी काय लिहिलं होतं ते लिहितो. जूनच्या पत्रात ती ओळ मी गाळली. माझ्या शीटवरही गाळली, कारण सुंदर शीटवर वाईट ओळ नको वाटली. ती ओळ अशी: "मुळं व खोड ठेचून वाहत्या पाण्यात सोडतात. मासे गुदमरून वर येतात."

तुम्ही हुशार आहात, आता पुढचं मी सांगायला नको. तरी सांगतो, कारण न सांगता मी सात महिने काढले आहेत.

आपल्या पिढ्यान्‌पिढ्या ताग त्या खडकाशीच कुजत घालत आल्या. मुळासकट उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, वर दगड ठेवायचे, आठ दिवसांनी मोगरीनं झोडपायचा. एक मासा कधी मेला नाही. म्हणून तुम्हाला शंका यायचं कारणच नव्हतं. होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही त्या अकरा पेंढ्या पाण्यातच झोडपल्यात. पाणी घोट्याएवढं, वाहायचं म्हणून वाहणारं. सकाळी डोह मासे वर टाकून बसला.

गुरवाची हाक ऐकून सगळे डोहाकडे धावले, मीही धावलो. माशांचे कल्ले उघडे पाहिले आणि शीटवरची ती ओळ आठवली. मी एकटा वर गेलो. पेंढ्यांभोवतीचं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ पांढरं झालं होतं. तिथून एक हाक मारली असती तर खाली ऐकू गेली असती. मी हाक मारली नाही. अकराच्या अकरा पेंढ्या ओढून काढल्या आणि करवंदीच्या जाळीत कोंबल्या. कुणाला दिसू नयेत म्हणून वर पाला टाकला. तुमच्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्या वेळी माझ्या डोक्यात त्या आठ बिया होत्या, आणि शीटवरचं माझं नाव. पेंढ्या रायबानं नाही काढल्या. त्या मी काढल्या.

पाला चढवून खाली आलो तेव्हा तुम्ही रायबाला उंबराला बांधत होतात. मी मागे उभा होतो हे जूनमध्ये लिहिलं, तेही सुरुवातीपुरतंच खरं. दांडा गुडघ्यावर बसला तोवर मी मागे होतो. मग त्यानं हिसका दिला, तुमचा दोर तुटला, तो एका पायावर चार पावलं लंगडत गेला, पांडूनं त्याला केसाला धरून परत आणलं. तुम्ही मागे वळून म्हणालात, "मालू, ये रे पुढं. गाठ मार. तुझी गाठ सुटत नाय." आणि मी पुढे आलो.

माझी गाठ सुटत नाही, कारण अकरा वर्षं मी झाडं दाबायच्या लाकडी प्रेसच्या दोऱ्या आवळतो आहे. मी तुटकी टोकं घेतली आणि त्याच्या मनगटांवर आवळली. तो माझ्या इतक्या जवळ होता की त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या बाहीवर आलं. तो म्हणाला, "मालू, तू सांग रे यांना. तुला झाडं कळत्यात." बाकीच्यांना वाटलं, तो भीक मागतोय. मला ठाऊक होतं की मला खरंच सांगता येईल. मी गाठ ओढून पाहिली, घट्ट बसली का ते, आणि बाजूला झालो. त्यानंतर तुम्ही सगळ्यांनी जे केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. शेवटी शेवटी पांडू दमला म्हणून बसला, पाणी प्याला आणि पुन्हा उठला. त्याच डोहाचं पाणी.

आमच्या निम्म्या शीटांवर स्थानिक नाव म्हणून जे शब्द आहेत ते रायबाच्या तोंडचे आहेत. त्याचं नाव कुठंही नाही.

मी ते ११२ नंबरचं शीट जाळायला काढलं होतं. पण नमुना तीन प्रतींत केला होता. एक प्रत विलायतेला गेली, एक कलकत्त्याला, आणि रजिस्टरात नोंद आहे. जाळून उपयोग नाही, दादा. ते झाड आपल्या बांधावर होतं हे आता तिथल्या लोकांनाही माहीत आहे.

तुम्ही देवाच्या माशांसाठी मारलंत. तुमच्या मनात खोट नव्हती. खोट माझ्यात होती आणि विष झाडात होतं. रायबा त्या झाडानं मेला असंच मी धरतो, तुम्हीही तसंच धरा. पण वाडीवर चढणारं गाव थांबवा. कसं ते मला ठाऊक नाही. गाव तुमचंच ऐकतं.

मालोजी


पुणे,
२९ फेब्रुवारी १९६०

दादा,

आज तुला अहो-जाहो करवत नाही. लहानपणी ओढ्यात बुडत होतो तेव्हा तू केसाला धरून काढलं होतंस, तेव्हा कुठं अहो म्हटलं होतं.

चार महिने तुझं उत्तर नाही. वहिनीनं गुरुजींकडून लिहवून घेतलं तेवढंच मला कळलं. माझं पत्र वाचून तू दोन दिवस जेवला नाहीस. तिसऱ्या दिवशी उरलेला बांध नुसत्या हातांनी उपटलास, नखं निघेपर्यंत. आणि गाव पलिते आणि कोयते घेऊन माथ्याच्या वाटेला लागलं तेव्हा तू अर्ध्या चढावर आडवा उभा होतास, हातात काही नाही. तू म्हणालास, "मासे मी मारलं. माझा ताग व्हता. रायबाचा काय संबंध नाय." आधी लोक हसले. मग तू पेंढीतली एक मुळी दाखवलीस आणि बेडकांचं सांगितलंस. मग हसणं थांबलं.

त्यांनी तुला तिथंच धरलं. तसेच दांडे. पांडूच पहिला. तुझा उजवा हात खडकावर ठेवून दगडानं कोपरापासून खाली फोडला, दोर वळणारा हात म्हणून. आईची लेकरं मारलीस म्हणत होते, तुझेच शब्द. वहिनी लिहिते, तू हात उचलला नाहीस आणि तोंडातून आवाज काढला नाहीस. वाडी पेटवायची त्यांना आठवणच राहिली नाही. दमले आणि खाली उतरले.

सखानं आणि वाडीवरल्यांनी तुला उचललं. सखा म्हणत होता, इथंच टाकू. जनी बाहेर आली, तुझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पानी पाज त्याला. माझ्या दारात मरायला नको." मग ज्या डोलीतून रायबाला नेलं होतं, त्याच डोलीतून तुला महाडला नेलं. वाटेत पोलादपुरात सखानं तुझ्या तोंडाला पुन्हा पाणी लावलं, असं वहिनी लिहिते. कुणी तुला माफ केलं असं तिनं लिहिलेलं नाही, आणि मीही तसं समजत नाही.

काल तुझं पार्सल आलं. वर्तमानपत्राच्या घड्या, बाहेरून सुतळी. सुतळी बाजारची, घरची नाही. मला वाटलं, लोणचं पाठवलं वहिनीनं.

आत झाड होतं. मी एकदा दिवाळीत तुला दाखवलं होतं तसं, पान उलटसुलट करून, शेंग एक उघडून, पाट्याखाली दाबून सुकवलेलं. मुळासकट. आमच्या शीटवर मुळं क्वचित असतात, फार लांब असतात म्हणून आम्ही तोडतो. तू मूळ दोनदा दुमडून बसवलं आहेस, माती धुवून. खाली वहीचं पान शिवलं आहेस. डाव्या हाताची अक्षरं आहेत, एकेक अक्षर बोटाएवढं. हे शिकायला तुला चार महिने लागले असणार.

तू लिहिलं आहेस:

नाव, म्हाईत नाय. आमी ताग म्हनायचो.
ठिकान, आमचा बांध. भिजवला काळकाईच्या वड्यात, वरच्या खडकाशी.
तारीक, कोजागिरीनंतर चवथा दिवस.
उपेग, दोर. यानं मासे मरत्यात.
उपटनारा, कोंडाजी हैबती.

आणि खाली जागा उरली तिथं:

मासे यानं मेले. रायबा यानं नाय मेला. त्याला आमी मारला. त्यानं मासे मारले असते तरी आमीच मारला असता.

मी अकरा नव्हे, आता बारा वर्षं लेबलं लिहितो. इतकं बरोबर लेबल मी पाहिलेलं नाही. मी तुला लिहिलं होतं की झाडानं मेला असं धर. तू ते धरलं नाहीस.

साहेबांना मी काल सगळं सांगितलं, पुडीतल्या बियांपासून. नोकरी राहणार नाही. शीट कोर्टात न्यायला त्यांनी परवानगी दिली आणि रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल सही करून दिली. अलिबागची तारीख शिमग्यानंतर तिसऱ्या दिवशी आहे. तू कबुली देणार असं वहिनी लिहिते. मी देवळात नव्हतो, हे सांगायला मी येतो आहे. मग तिथून सुटलो तर माथ्यावर जाईन, जनीच्या दारात. ती काय करील ते करील.

तुझं झाड मी जाड कागदावर शिवलं. मूळ होतं तसंच ठेवलं. वहीचं पानही तसंच ठेवलं, एक अक्षर सुधारलं नाही. तू 'आमी' लिहिलंस तेव्हा त्यात मला धरलं होतंस की नाही, ते मी विचारत नाही. फक्त उपटनाऱ्याच्या ओळीखाली एक ओळ कमी वाटली, ती मी माझ्या हातानं घातली आहे.

गाठ मारणारा, मालोजी हैबती.